इंग्लंडमध्ये सेमी घ्यायचंय? आधी घराचा विक्रीचा इतिहास वाचा

दर महिन्या-दोन महिन्यांनी ओळखीतल्या कोणाचा तरी मेसेज येतो : "ताई, हे घर बघा ना, कसं वाटतं?" सोबत राइटमूव्ह नाहीतर झूपला या घरांच्या जाहिरातींच्या साइटची लिंक. घर सेमी, म्हणजे एका बाजूची भिंत शेजारच्या घराशी सामाईक असलेलं जोडघर. उघडलं की पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, मागे हिरवळ, स्टेशन अर्ध्या मैलावर. मी फोटो सोडून थेट खाली जाते आणि एकच गोष्ट शोधते : हे घर याआधी कधी आणि कितीला विकलं गेलं. पाच मिनिटांत सहा-सात प्रश्न हाताशी येतात. लिंक पाठवणाऱ्यांनी बहुतेक वेळा तो भाग उघडलेलाच नसतो.

तो भाग कसा वाचायचा, त्यातून निघालेले प्रश्न कुठल्या कागदात तपासायचे आणि आजूबाजूच्या सोयींची खात्री कशी करायची, हे एकदाच नीट लिहून काढते. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्समध्ये बरंचसं असंच, फक्त घरखरेदीचा कर वेगळा. स्कॉटलंडची पद्धतच निराळी, तिथे विकणाराच होम रिपोर्ट, म्हणजे घराच्या अवस्थेचा आणि किमतीचा अहवाल, तयार करून ठेवतो.

पहिली पायरी : जुने भाव आणि त्यांच्यामधली अंतरं

आपल्याकडे घर घेताना सातबारा आणि इंडेक्स टू बघतात, तसं इथे एचएम लँड रजिस्ट्री या सरकारी नोंदणी खात्याचं दप्तर. जानेवारी १९९५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये झालेल्या घरविक्रीचे भाव तिथे कोणालाही फुकट बघता येतात. जाहिरातींच्या साइटवर दिसणारी यादी तिथूनच उचललेली असते.

यादी रिकामी असेल तर दचकू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच की १९९५ नंतर घर विकलंच गेलेलं नाही, तीसेक वर्षं एकच कुटुंब राहिलं. अशा घरात वायरिंग, पाइप, खिडक्या जुन्या असतात, पण कोणी हौसेने भिंती पाडलेल्या नसतात. मला स्वतःला अशी घरं आवडतात. विकणारे बऱ्याचदा वारस असतात, तेव्हा पहिला प्रश्न : प्रोबेट, म्हणजे मृताची मालमत्ता विकायचा कायदेशीर अधिकार, मिळालंय का? ते हातात आल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही, आणि तुमचं भाड्याचं घर सोडायची तारीख त्यावर अडकू शकते. बक्षीस दिलेली घरं, घटस्फोटात कोर्टाच्या आदेशाने नावावर झालेली घरं आणि काउन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, भाडेकरूंना सवलतीत विकलेली घरं या यादीत येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

यादीत तीन-चार ओळी असतील तर आकड्यांच्या आधी तारखांमधली अंतरं बघा. दहा-बारा वर्षांचं अंतर म्हणजे कोणीतरी मुलं वाढवून गेलं. वर्ष-दीड वर्षाचं अंतर दिसलं की थांबायचं. नोकरी बदलली असेल, संसार मोडला असेल, शेजाऱ्याशी पटलं नसेल, किंवा कोणीतरी पडीक घर घेऊन, रंगरंगोटी करून, नफ्यावर विकलं असेल. कुठलंही कारण असू दे, विचारायचं.

आम्ही २०१७ मध्ये वायव्य लंडनच्या एका उपनगरात घर पाहिलं. यादी अशी होती : १९९९ मध्ये १,२५,००० पौंड, मे २०१४ मध्ये ३,१०,०००, जुलै २०१५ मध्ये ४,१५,०००. चौदा महिन्यांत एक लाख पाच हजारांची उडी. तेव्हा लंडनचे भाव चढतच होते, पण चौदा महिन्यांत एक तृतीयांश नव्हे. म्हणजे मधल्या मालकाने घरात काम काढलं होतं. काय काम, कोणी पास केलं, हे आम्ही विचारलं नाही. स्वयंपाकघर इतकं प्रशस्त आणि उजेडाचं होतं की विचारायचं सुचलंच नाही. पुढे आमचा सर्वेअर, म्हणजे घराची तपासणी करणारा तज्ज्ञ, वरच्या बेडरूममध्ये गेला. तिथे धुराड्याचा विटांचा भाग भिंतीतून दीड हात पुढे आलेला. तो खाली आला, त्याच जागेच्या खाली स्वयंपाकघरात उभा राहिला, तर भिंत सपाट. त्याने टॉर्च छतावर फिरवला, बोटाने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "वरच्या विटांचं ओझं आत्ता कशावर आहे, हे मला कळायला हवं." जागा मोठी दिसावी म्हणून खालचं धुराडं काढलं होतं. वर एक पूर्ण मजला आणि छतावरची चिमणी तशीच. काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या खात्याकडे, या कामाची नोंद नव्हती. आम्ही माघार घेतली. सर्वेचे आणि सॉलिसिटरचे, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाचे, पैसे गेले, चार महिने गेले. सगळ्याचा सुगावा त्या तीन ओळींत होता.

दुसरी पायरी : मागितलेला भाव पटतो का

मागच्या विक्रीचा आकडा घ्या. सरकारचा यूके हाउस प्राइस इंडेक्स काउन्सिलच्या हद्दीनुसार दर महिन्याला निघतो. तेव्हाचा निर्देशांक आणि आजचा निर्देशांक यांच्या प्रमाणात जुना भाव वाढवा. मागितलेला भाव त्याच्या बराच वर असेल तर मधल्या काळात नेमकं काय केलं, याची यादी एजंटकडे मागा. आकड्याच्या आसपास असेल तर ठीक.

लँड रजिस्ट्रीच्या यादीत घराचं क्षेत्रफळ नसतं, त्यामुळे "शेजारचं साडेचार लाखांना गेलं" या वाक्याला फारसा अर्थ नाही. क्षेत्रफळ मिळतं एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेटवर, म्हणजे ईपीसीवर. घर विकायला काढताना ते लागतंच, दहा वर्षं चालतं, आणि सरकारी साइटवर पत्ता टाकला की फुकट दिसतं. शेजारच्या घरांची ईपीसी काढा, प्रत्येकाचा भाव चौरस मीटरने भागा, मग तुलना करा. जुनं, मुदत संपलेलं ईपीसीही बऱ्याचदा तिथेच असतं. दोन्ही शेजारी ठेवलं की क्षेत्रफळ किती वाढलं, भिंतींत इन्सुलेशन भरलं का, बॉयलर बदलला का, हे कोणाला न विचारता समजतं. सगळ्यात कामाची ही युक्ती आहे आणि ती फार कमी लोक वापरतात.

काउन्सिल टॅक्सचा, म्हणजे इथल्या घरपट्टीचा, बँडही बघून ठेवा. ए ते एच असे आठ बँड, आणि ते घराच्या १ एप्रिल १९९१ च्या अंदाजे किमतीवर बेतलेले. आधीच्या मालकाने घर वाढवलं असेल तर त्याचा बँड बदलत नाही, पण घर विकलं गेलं की फेरतपासणी होऊ शकते. वाढीव भरणा मग तुमच्या माथी.

तिसरी पायरी : सात पौंडांचा कागद

घर मनात भरलं की लँड रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवरून टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) आणि टायटल प्लॅन (जागेचा नकाशा) काढा. प्रत्येकी ७ पौंड. तोच कागद तिप्पट-चौपट पैशांत देणाऱ्या, सरकारी वाटाव्यात अशा साइटही आहेत, पत्ता नीट बघा. पुढे सॉलिसिटर हे काढणारच असतो, पण तोवर तुमचे बरेच पैसे खर्च झालेले असतात.

त्यात पहिल्यांदा बघा : फ्रीहोल्ड (जमिनीसकट कायमची मालकी) की लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या करारावरची). घरं साधारण फ्रीहोल्ड असतात, पण मँचेस्टरच्या बाजूला जुनी लीजहोल्ड घरं भरपूर आहेत. ९९९ वर्षांचा करार आणि नाममात्र भुईभाडं असेल तर त्रास कमी. खरा धोका २०२२ च्या आधी लीजहोल्डवर विकलेल्या काही नव्या घरांत आहे, जिथे भुईभाडं ठरावीक वर्षांनी दुप्पट होतं. ३० जून २०२२ पासून नव्या करारांवर भुईभाडं लावता येत नाही, पण आधीचे करार तसेच आहेत. नव्या वसाहतीत घर फ्रीहोल्ड असूनही रस्ते आणि बागा काउन्सिलने ताब्यात घेतलेल्या नसतात. त्यांच्या देखभालीचे पैसे दरवर्षी एका कंपनीला द्यावे लागतात, तेही काउन्सिल टॅक्सशिवाय. तो आकडा आणि तो वाढवायचा अधिकार कोणाला आहे, हे लेखी घ्या.

मग अटी. १९३० च्या सुमारास बांधणाऱ्याने घातलेल्या अटी आजही नोंदीत असतात : इथे धंदा करायचा नाही, परवानगीशिवाय बांधकाम करायचं नाही. घरातून पाळणाघर किंवा डब्यांचा व्यवसाय करायचा विचार असेल तर हे आधीच वाचा. टायटल प्लॅनवर लाल रेषेत तुमची जागा दाखवलेली असते. दोन घरांच्या मधला बोळ कोणाचा, त्यातून गाडी न्यायचा हक्क कोणाला, हे तिथे आणि नोंदीत सापडतं. सामाईक बोळावरून होणारी भांडणं मी जवळून पाहिली आहेत.

चौथी पायरी : घराचं अंग

लंडनभोवतीची आणि मोठ्या शहरांभोवतीची बहुतेक सेमी घरं दोन महायुद्धांच्या मधली आहेत. त्या वीस वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ४० लाख घरं बांधली गेली. मेट्रोपॉलिटन रेल्वेने तर आपल्या मार्गाकडेची जमीन विकसित करून वायव्य लंडनच्या उपनगरांची 'मेट्रोलँड' नावाने जाहिरातच केली. पुढे गोल फुगीर खिडकी, उतरतं छप्पर, वर दोन मोठ्या खोल्या आणि एक चिमुकली बॉक्स रूम. तीन बेडरूममधली तिसरी म्हणजे ही. पलंग ठेवल्यावर दार पूर्ण उघडतं का, ते टेप लावून बघा.

लंडनची माती चिकणमाती. उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि जवळ मोठं झाड असेल तर पाया खचतो. विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यांसारखी तिरकी चीर गेलेली दिसली तर फोटो काढा आणि विचारा : पाया खचल्याचा विम्याचा दावा कधी केला होता का? अशा घराला पुढे विमा मिळणं अवघड आणि महाग होतं. गॅरेजच्या नागमोडी पत्र्यात, छताच्या खडबडीत लेपात ॲस्बेस्टॉस हा फुप्फुसांना घातक पदार्थ असू शकतो, कारण ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. हात न लावता राहू दिला तर घाबरायचं कारण नाही, पण ड्रिल मारायच्या आधी तपासणी हवीच.

मागे बांधलेला भाग असेल तर दोन वेगवेगळ्या परवानग्या असतात आणि नवखी माणसं इथे हमखास गोंधळतात. प्लॅनिंग म्हणजे बांधायला हरकत नाही. सेमीच्या मागे एक मजली ३ मीटरपर्यंत आणि सुट्या घराच्या मागे ४ मीटरपर्यंत बांधकाम साधारणपणे अर्जाशिवाय करता येतं. बिल्डिंग रेग्युलेशन्स म्हणजे ते नीट बांधलंय याची तपासणी, आणि ती अर्ज लागत नसला तरी लागतेच. एजंट "परवानगीची गरजच नव्हती" म्हणतो तेव्हा तो पहिल्याबद्दल बोलत असतो. तुम्ही दुसऱ्याचं कम्प्लीशन सर्टिफिकेट मागा. लॉफ्टमधल्या खोलीलाही हेच. सर्टिफिकेट नसेल तर ती बेडरूम धरू नका आणि तिचे पैसेही देऊ नका.

बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्वे नव्हे. ते बँक स्वतःच्या कर्जासाठी करते, कधी कधी घरात पाऊलही न टाकता. १९३० च्या घराला, त्यातून वाढवलेल्या, आरआयसीएस या सर्वेअरांच्या संस्थेचा लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यात सखोल सर्वे करा. साध्या, फेरफार न केलेल्या घराला लेव्हल टू चालेल.

पाचवी पायरी : सोयी पायी तपासा

जाहिरातीतलं "स्टेशन ०.५ मैल" हे बऱ्याचदा सरळ रेषेतलं अंतर असतं. मध्ये रेल्वे रूळ किंवा गोल्फचं मैदान आलं की अर्ध्या मैलाचा पाऊण मैल होतो. डिसेंबरच्या सुमारास साडेचारला काळोख पडलेला असतो. तुम्ही रोज ज्या वेळी परतणार, त्याच वेळी स्टेशनवरून घरापर्यंत चालत या. आम्ही असं चाललो तेव्हा जवळची वाट एका बोगद्यासारख्या पायवाटेतून जात होती. दिवसा छान, रात्री मुलीला एकटीने येऊ देणार नाही अशी. मग लांबच्या वाटेची चौदा मिनिटं धरली.

शाळा हा बहुतेकांचा मुख्य मुद्दा. शाळा जवळ आहे म्हणजे प्रवेश मिळेल असं नाही. काउन्सिल दरवर्षी सांगते की त्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावरच्या मुलाला मिळाला. हे अंतर दरसाल हलतं. कुठल्या बाजूला हलतंय हे कळायला निदान तीन वर्षांचे आकडे बघा. तुमचं घर काठावर असेल तर ती शाळा गृहीत धरू नका. प्राथमिकसाठी अर्जाची मुदत १५ जानेवारी, माध्यमिकसाठी आदल्या वर्षीची ३१ ऑक्टोबर, आणि अर्ज राहत्या पत्त्यावरून. घर हातात यायला सहज चार-पाच महिने लागतात, तेव्हा तारखा उलट्या मोजा. ऑफस्टेडने, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, सरकारी शाळांना एका शब्दात शेरा देणं सप्टेंबर २०२४ पासून बंद केलंय. जाहिरातीत अजून "आउटस्टँडिंग शाळेजवळ" लिहिलेलं दिसलं तर तो शेरा कधीचा, ते बघा.

पूर : एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या साइटवर पत्ता टाका. नदीचा धोका आणि पावसाचं पाणी साचण्याचा धोका वेगवेगळा दिलेला असतो, दोन्ही वाचा. गुन्हे : पोलीस.यूकेच्या नकाशावरची जागा मुद्दाम ढोबळ ठेवलेली असते, त्यामुळे "अगदी दारासमोर" असं समजू नका. ब्रॉडबँड कसं आहे ते ऑफकॉम या दूरसंचार नियामकाच्या साइटवर कळतं. पार्किंगला परमिट लागतं का, कुठल्या वेळांत लागतं, हे खांबावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. वेम्ब्लीच्या आसपास स्टेडियमच्या कार्यक्रमाच्या दिवशीचे नियम वेगळे.

हिथ्रोच्या विमानमार्गाखालच्या हाउन्स्लोसारख्या भागात एकदा घर बघून निर्णय घेऊ नका. पश्चिमेचा वारा असताना उतरण्याची धावपट्टी दुपारी ३ वाजता बदलतात. सकाळी शांत वाटलेल्या घरावरून दुपारनंतर दर दीड-दोन मिनिटांनी विमान जाऊ शकतं. एक फेरी सकाळी, एक चारनंतर, अंगणात उभं राहून.

काउन्सिलच्या प्लॅनिंग रजिस्टरमध्ये पोस्टकोड टाका. शेजाऱ्याचं येऊ घातलेलं बांधकाम, मागच्या मोकळ्या जागेवरच्या फ्लॅटचा अर्ज, सगळं तिथे असतं. शेवटी शेजारच्या घराची बेल वाजवा. "आम्ही हे घर घ्यायचा विचार करतोय" म्हटलं की लोक छान बोलतात. आमच्या आत्ताच्या घराच्या शेजारच्या आजींनी दारातच सांगितलं, की मोठा पाऊस झाला की मागच्या गटाराचं झाकण उचललं जातं. सॉलिसिटरच्या कुठल्याही कागदात ते नव्हतं. आम्ही ड्रेनचा कॅमेरा सर्वे केला आणि दुरुस्तीचे पैसे किमतीतून वजा करून घेतले.

सहावी पायरी : भारतातल्या फ्लॅटबद्दल आधीच सांगा

इथे आपल्या लोकांचं सर्वात मोठं नुकसान होताना मी पाहते, म्हणून जरा सावकाश. १ एप्रिल २०२५ पासून स्टॅम्प ड्युटी अशी : पहिल्या १,२५,००० पौंडांवर शून्य, तिथून २,५०,००० पर्यंत २ टक्के, तिथून ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. साडेचार लाखांच्या घराला १२,५०० पौंड. पहिलं घर घेणाऱ्याला ५ लाखांपर्यंतच्या घरात सवलत : ३ लाखांपर्यंत शून्य, पुढच्या भागावर ५ टक्के, म्हणजे याच घराला ७,५०० पौंड.

पण "पहिलं घर" म्हणजे जगात कुठेही पहिलं. पुण्यात किंवा नाशिकला तुमच्या नावावर फ्लॅट आहे किंवा होता, तर ही सवलत नाही, आणि दोघे मिळून घेत असाल तर दोघांनीही पहिलंच घेत असायला हवं. त्याहून जड गोष्ट : खरेदीच्या दिवशी तुमच्या किंवा नवरा-बायकोपैकी कोणाच्याही नावावर दुसरं घर असेल आणि तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर साधारणपणे संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा. साडेचार लाखांवर २२,५०० पौंड वर, एकूण ३५,०००. एकाच्याच नावावर घर घेतलं तरी लग्नाचं जोडपं एकच धरतात. आधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस ब्रिटनमध्ये राहिला नसाल तर आणखी २ टक्के. वारसाने आलेल्या हिश्श्याचे नियम वेगळे आहेत. सॉलिसिटर नेमतानाच सगळं सांगून टाका, आई-वडिलांनी हौसेने तुमचं नाव घातलेला फ्लॅटसुद्धा. लपवलेलं पुढे दंडासह वसूल होतं.

सातवी पायरी : ऑफर ते किल्ली

एजंट गोड बोलतो, पण तो विकणाऱ्याचा माणूस. तुमची जास्तीत जास्त ऐपत त्याला सांगू नका. ऑफर स्वीकारली गेली तरी ती कोणावरच बंधनकारक नाही. करारांची देवाणघेवाण, म्हणजे एक्स्चेंज, होईपर्यंत विकणारा घर दुसऱ्याला जास्त भावात देऊ शकतो आणि तुम्हीही माघार घेऊ शकता. एक्स्चेंजला साधारण १० टक्के रक्कम भरता, त्यानंतर माघार घेतली तर ती जाते.

मधल्या काळात विकणारा टीए सिक्स नावाचा फॉर्म भरून देतो : शेजाऱ्यांशी वाद, पूर, केलेली कामं, जपानी नॉटवीड ही चिवट वनस्पती. सॉलिसिटर तो तुम्हाला पाठवतो, तेव्हा बैठक मारून वाचा आणि पहिल्या पायरीवर काढलेल्या प्रश्नांच्या शेजारी ठेवा. "माहीत नाही" असं उत्तर असेल त्याच जागी पुढचा प्रश्न विचारायचा, तोही ईमेलने.

किल्ली मिळाल्यावर मीटरचे फोटो काढा आणि एक फाइल करा. नव्या बॉयलरचं, खिडक्यांचं, वायरिंगचं, भिंत पाडली असेल तर कम्प्लीशन सर्टिफिकेट, सगळं त्यात. नोंदणी झाली की काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, लँड रजिस्ट्रीच्या यादीत तुमच्या भावाची ओळ दिसू लागते. पुढे कधी घर विकायला काढलंत तर समोरचा सॉलिसिटर तीच फाइल मागेल.